काटा वर चढत नाही, तिथूनच सुरुवात करा

प्रश्न

नमस्कार. आमची वॅगन आर २००७ सालची, पेट्रोलवर चालणारी. मी वाळपईला राहते, शाळेत शिकवते. गाडी रोज शाळा आणि बाजार, कधीमधी साखळीपर्यंत, एवढीच फिरते. दोन महिन्यांपासून गाडी उभी राहिली की थरथरते, आरशातलं चित्रसुद्धा हलतं. चालताना तसं काही जाणवत नाही. पेट्रोल मात्र जास्त खाते आणि मागे उभं राहिलं की उग्र वास येतो. परवा पावसात सकाळीच घराजवळच्या केंद्रावर पीयूसीला नेली, तर नापास: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.४ आणि एचसी (हायड्रोकार्बन) ८२०. एका मेकॅनिकनं चारही प्लग बदलले (जुने काळेकुट्ट होते, मी पिशवीत ठेवलेत) आणि इंजेक्टर साफ केले. काही फरक नाही. दुसरा म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर साफ करणारा भाग) गेलाय, नवा घाला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आले. मे महिन्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात गाडी तापली होती, पण ते काम तेव्हाच करून घेतलंय. तेव्हापासून टेंपरेचरचा काटा खालच्या रेषेच्या वर जातच नाही, म्हणजे तेवढं तरी नीट झालं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पीयूसी हवी आहे. काय करू?

एक शिक्षिका, वाळपई

उत्तर

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाताजाता लिहिलीत आणि तीही समाधानानं. काटा खालच्या रेषेवर अडकून राहणं हे काम नीट झाल्याचं लक्षण नाही. चांगल्या इंजिनाचा काटा दहा-पंधरा मिनिटांत मध्याच्या जरा खाली येऊन थांबतो आणि मग पावसात, उन्हात, चढावर तिथंच राहतो. तुमचा साखळीला पोचेपर्यंतही वर येत नसेल, तर इंजिन दिवसभर थंडच चालतंय. थरथर, वास, पेट्रोलचा खर्च आणि पीयूसीचे आकडे, चारही गोष्टी त्या एका कारणानं होऊ शकतात. माझा अंदाज असा की घाटात गाडी तापल्यावर कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी गरम होईपर्यंत अडवून धरणारी झडप, काढून टाकला. पण अंदाजावर पैसे घालू नका. आधी पीयूसीचा कागद काढा.

त्या कागदाकडे आपण पास की नापास एवढंच बघायला पाहतो. तुमची गाडी बीएस-२ च्या काळातली. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाड्यांना स्लोवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पर्यंत सूट असते, म्हणून शेजाऱ्याची तुमच्यापेक्षा जुनी, तुमच्यापेक्षा घाण धूर टाकणारी गाडी आरामात पास होते आणि तुमची अडते. बीएस-४ पासून हेच आकडे ०.३ आणि २०० वर आले.

आता या दोन आकड्यांचा अर्थ. सीओ वाढतो तेव्हा पेट्रोल पेटलेलं असतं, पण पुरतं जळायला हवा कमी पडलेली असते. एचसी वाढतो तेव्हा पेट्रोल पेटलेलंच नसतं, कच्चंच सायलेन्सरमधून बाहेर येतं. तुमचा सीओ मर्यादेच्या जवळपास पाचपट आणि एचसी जेमतेम थोडा वर. म्हणजे ठिणगी पडतेय, पेट्रोलही पेटतंय, पण हवेच्या मानानं पेट्रोल फार जास्त जातंय. मेकॅनिक याला रिच मिक्श्चर म्हणतात. प्लग किंवा त्याची वायर गेली असती तर चित्र उलटं दिसलं असतं: एका सिलिंडरचं सगळं पेट्रोल कच्चं बाहेर, एचसी हजारांत आणि सीओ फारसा हललेला नाही. कुठला रबरी पाइप फाटून बाहेरची हवा आत शिरत असती, तर एचसी चढून सीओ उलट खाली गेला असता. म्हणून प्लग बदलून फरक पडला नाही यात नवल नाही. हा कागद आधी वाचला असता तर ते पैसे वाचले असते.

जुने प्लग ठेवलेत हे फार बरं केलंत. पिशवीतून काढून ओळीत मांडा. चारही सारखेच काळे, कोरड्या काजळीचे आहेत का? तसे असतील तर बिघाड एका इंजेक्टरचा किंवा एका सिलिंडरचा नाही, चौघांना मिळून पेट्रोल किती द्यायचं हे जिथं ठरतं तिथं काहीतरी चुकतंय. एकच काळा आणि बाकीचे तांबूस-करडे असतील तर माझं पुढचं निम्मं उत्तर बाजूला ठेवा आणि त्या एका सिलिंडरचा इंजेक्टर तपासायला सांगा. काजळी कोरडी नसून तेलकट, चिकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय, आणि तो वेगळा आणि महागडा विषय आहे. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. तिथंही कोरडी काजळीच हाताला लागेल असं मला वाटतं.

पेट्रोल किती द्यायचं हे तुमच्या गाडीत ईसीएम ठरवतो, म्हणजे डॅशबोर्डजवळ बसवलेला छोटा कॉम्प्युटर. इंजिन गरम झालं की एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण राखायचं, आणि ते बरोबर राहतंय की नाही हे सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरकडून सतत विचारत राहायचं, हे त्याचं काम. पण इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब आतल्या भिंतींना चिकटतात. म्हणून तोपर्यंत तो मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं काही ऐकत नाही. इंजिन किती गरम झालं हे त्याला कूलंटमधला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातला, सेन्सर सांगतो. कूलंट गरम झालंच नाही, तर त्याच्या लेखी तुमची गाडी दिवसभर नुकतीच चालू झालेली असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढून ठेवावा आणि ढकलायचा विसर पडावा, तसा हा प्रकार आहे.

‘आपल्या गोव्यात कसली थंडी, थर्मोस्टॅट हवा कशाला’ हे वाक्य पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळेल. कार्ब्युरेटरच्या दिवसांत ते खपून जायचं, कारण चोक आपल्याच हातात होता. इंजेक्शनच्या गाडीत ते खपत नाही. थर्मोस्टॅट ही पितळेची लहानशी झडप आहे, काही शे रुपयांची. पाणी ८०-८५ अंशांवर गेल्याशिवाय ती रेडिएटरकडे वाट देत नाही. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरून थंड होत राहतं. तुमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसात, शाळेपर्यंतच्या छोट्या फेरीत, इंजिनाला गरम व्हायला वेळच मिळत नाही. झडप आत असून उघडीच अडकली असली तरी परिणाम तोच.

खात्री घरीच करता येईल. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना बॉनेट उघडा. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणारा जाड रबरी पाइप शोधा. गाडी चालू करा, अंगणात, उघड्यावर. पाऊस आहे म्हणून बंद गॅरेजमध्ये किंवा शेडचं दार ओढून हे करू नका. सीओला रंग नाही, वास नाही, आणि तुमच्या गाडीतून तो आत्ता नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त निघतोय. ओढणी, पदर, केस पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा आणि दर मिनिटाला पाइपाला हात लावून बघा. थर्मोस्टॅट नीट असेल तर इंजिन तापत राहतं तरी पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम, हात ठेववणार नाही इतका गरम होतो. पाइप सुरुवातीपासूनच कोमट होत होत हळूहळू गरम होत गेला तर झडप नाही, किंवा आहे पण उघडी अडकलीय. एवढं झालं की थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, काहीही झालं तरी.

झडप नसेल तर नवी बसवून घ्या, पण त्याआधी मेकॅनिकला एक प्रश्न विचारा: घाटात गाडी तापली कशानं? झडप काढून त्यानं ताप उतरवला, कारण तसंच राहिलं. चोर्ल्याच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, मे महिन्यात जी गाडी तापते तिच्यात बहुधा चारांपैकी एक गोष्ट असते. रेडिएटर आतून गाळानं चोंदलेला. पंखा वेळेवर लागत नाही. झाकणाचं रबर गेल्यामुळे दाब टिकत नाही. किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणीच ओतत आलोत. शेवटचं आपल्याकडे फार. त्या पाण्यानं आत गंज धरतो आणि तोच गाळ होऊन रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. टाकीतलं पाणी हिरवं-लाल न दिसता चहासारखं तांबूस दिसत असेल तर उत्तर मिळालं. रेडिएटर धुऊन घ्या, तयार कूलंट घाला, गाडी उभी ठेवून पंखा आपोआप लागतो का बघा, मगच झडप घाला. नाहीतर पुढच्या बेळगाव फेरीला परत घाटात उभ्या राहाल.

गाडी एकदा तापलीय, तेव्हा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, तेही बघून घ्यायला सांगा. कूलंट आपोआप कमी होतंय का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे का, एवढं तुम्हालाही बघता येईल. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या करणाऱ्या थंड इंजिनात थोडा साका वाफेमुळेही दिसतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. ज्या गॅरेजकडे धूर तपासायचं स्वतःचं यंत्र असतं तिथं एक चांगली युक्ती करतात. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून, मग इंजिन चालू करून, यंत्राची नळी पाण्याला न टेकवता तोंडावर धरतात. तिथं एचसी दिसला तर गॅस्केट फाटलंय. पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण नळी धरायला दोन मिनिटं लागतात.

झडप जागेवर असून चांगली निघाली तर? मग संशय कूलंटच्या सेन्सरवर. अशा पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असतात, एक डॅशबोर्डवरच्या काट्याचा आणि दुसरा ईसीएमचा. त्यामुळे काटा ठीक दाखवतोय म्हणून ईसीएमलाही ठीक कळतंय असं नाही. ईसीएमचा सेन्सर काढून मल्टिमीटर लावला की निकाल लागतो: २० अंशांना साधारण सव्वादोन ते पावणेतीन हजार ओहम, गरम पाण्यात ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गरम पाण्यातही आकडा हजारांत राहिला तर सेन्सर खोटं बोलतोय. आधी त्याचा कनेक्टर बघा. आपल्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात, आणि सेन्सर बदलण्याआधी पिना घासून बघायला काही पैसे लागत नाहीत. पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात तेही याच भागात.

रिच मिक्श्चरची बाकीची कारणं थोडक्यात सांगतो, मेकॅनिकला वाचून दाखवा. मॅप सेन्सरकडे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) जाणारा बारीक रबरी पाइप निसटला किंवा तडकला की ईसीएमला वाटतं इंजिनावर मोठा भार आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. इंधनाच्या रेलवर प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून हुंगा, आत पेट्रोल सापडलं तर पडदा फाटलाय. ऑइलची डिपस्टिक काढून तिचाही वास घ्या. इतके दिवस जास्तीचं पेट्रोल जळतंय, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरलेलं असणारच. त्या ऑइलची वाफ परत इंजिनात जाते आणि बाकी सगळं दुरुस्त झालं तरी सीओ वर धरून ठेवते. तेव्हा दुरुस्ती झाली की ऑइल आणि फिल्टर बदलूनच पीयूसीला जा.

आता कॅटॅलिटिकचं. तो खराब झालेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण तो आजाराचं कारण नाही, झाला असेल तर आजारामुळे झालाय. रिच धूर त्याच्यावर काजळी धरतो, आणि कच्चं पेट्रोल जाऊन त्याच्यात पेटलं तर आतली जाळी वितळतेसुद्धा. आज नवा बसवलात तर पीयूसी कदाचित होईल, पण वर्षभरात तोही तसाच होईल. शिवाय अडीचशे-तीनशे अंश गरम झाल्याशिवाय तो कामच करत नाही. तुम्ही घराजवळच्या केंद्रावर, पावसात, सकाळी, थंड गाडी नेलीत, तेव्हा त्याला आपली बाजू मांडायची संधीच मिळाली नाही. ‘जाळी काढून टाका, पिकअप वाढेल’ असा सल्ला देणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करा.

ऑक्सिजन सेन्सर बदला असंही कोणीतरी म्हणेल. तो आधी मोजायला सांगा. गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली व्हायला हवा. वरच, ०.८-०.९ ला अडकला असेल तर तो बिचारा खरंच सांगतोय की मिक्श्चर रिच आहे. त्याला बदलून काय होणार? धूर रिच असताना तो खाली ०.१ वर अडकला असेल तर मात्र तो गेलाय, किंवा त्याच्या आधीच्या पाइपाला गंजून भोक पडलंय आणि तिथून हवा ओढली जातेय. मोबाईलला जोडायचे स्वस्त स्कॅनर घेऊन कोणी आलं तर फार आशा ठेवू नका. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची सोय, २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाड्यांशी ते स्कॅनर बहुधा बोलतच नाहीत. किल्ली फिरवल्यावर चेक लाइट लागून मग विझतो का, एवढं बघा. लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फुटतं, म्हणून लिहितो. २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच थोडा असतो, त्यामुळे मिक्श्चर झालं तर पातळ होतं, रिच होत नाही. तुमचा सीओ त्यामुळे वाढलेला नाही. २००७ च्या गाडीचे रबरी इंधन पाइप मात्र त्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. बॉनेट उघडलंच आहे तर ते मऊ पडलेत का, चिरलेत का, हे बघून घ्या.

सगळं होऊनही थरथर थोडी राहिली तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, काढून साफ करायला सांगा. इतक्या काजळीत स्लो सांभाळणारी झडप नक्की चिकटलेली असेल. आणि आवाज एकसारखा येतोय पण स्टिअरिंग तेवढं हलतंय असं असेल, तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग बसलीत. त्याचा पीयूसीशी संबंध नाही, ते चवथीनंतर करा.

पीयूसीला जाताना निदान साखळीपर्यंत जाऊन या, काटा आपल्या जागेवर आलेला बघा, आणि रांगेत गाडी बंद करू नका. एसी बंद ठेवा. नळी घालायच्या आधी अर्धा मिनिट हलकी रेस धरून ठेवा, म्हणजे कॅटॅलिटिक तापलेला राहील. नळी पूर्ण आत गेलीय ना, ते स्वतः बघा. अर्धवट नळी घालून ‘करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका, कारण मग कागदावर आकडा येईल पण तुमची गाडी बरी झाली की नाही हे कळणार नाही. तुमच्या गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते, म्हणजे चवथीची पीयूसी शिमग्याच्या सुमाराला पुन्हा आलीच.

नवा कागद जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. सीओ ०.५ च्या खाली आणि एचसीही दोन-तीनशेच्या घरात आला तर कॅटॅलिटिक जिवंत आहे, त्या मेकॅनिकला तसं कळवा. दोन्ही आकडे पुष्कळ उतरले पण सीओ ०.७-०.८ वर अडला, तर नव्या ऑइलवर आठवडाभर गाडी चालवा, एकदा उसगाव-फोंड्यापर्यंत लांब फिरवून आणा आणि पुन्हा तपासा. तरीही तिथंच राहिला तर कॅटॅलिटिकचा खर्च विचारात घ्यायची वेळ आली. आणि सीओ उतरून एचसी तेवढाच राहिला तर मला दोन्ही कागदांचे फोटो पाठवा. मग प्लगच्या वायर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन या वाटेनं जावं लागेल, आणि त्यासाठी गाडी एक दिवस गॅरेजात ठेवावी लागेल.